मागच्या रांगेत डावीकडून चौथा

मे महिन्यात भुसावळला दुपारी एक ते पाच दुकानात कुणी फिरकत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. जामनेर रोडवरच्या आमच्या फोटो स्टुडिओचं शटर मी अर्धं ओढून घेते आणि आत लग्नांचे अल्बम लावत बसते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी गार्डसाहेब आले. डोक्यावर ओला पंचा आणि काखेत चादरीत गुंडाळलेली चौकट.

गार्डसाहेब मूळचे बंगाली. 1966 साली रेल्वेत लागून भुसावळला आले आणि रिटायर झाल्यावर इथंच राहिले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आवडीनं खातात, मराठी झकास बोलतात, पण लेकीसुनांना हाक मारतात ती 'मा' अशी, त्यांच्या पद्धतीनं. त्यांच्याबरोबर नेहमीप्रमाणे फिटरकाका होते. लोको शेडमधून निवृत्त झालेले, यावलकडचे लेवा पाटीदार. दोघांची चहाची वेळ गेली चाळीस वर्षं एकच आहे.

"मा, हे वाचेल का बघ," म्हणत त्यांनी चादर सोडली.

आत एक मोठा ग्रुप फोटो होता. पुढं बसलेले, मागं उभे, असे चौदा जण. मधल्याच्या पायाशी दोरी ओवून शिवलेला चामड्याचा फुटबॉल, त्यावर पांढऱ्या रंगानं 1958 लिहिलेलं. फोटोची दशा फार वाईट होती. आमच्याकडे घरोघरी खिडकीत कूलर असतो. वाळ्याच्या ताट्यांतून चार महिने ओली हवा आत येते आणि समोरची भिंत कायम दमट राहते. हा फोटो नेमका त्याच भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेला. बुरशीची पिवळी नक्षी सगळीकडे पसरली होती, खालची नावांची पट्टी कसरीनं खाल्ली होती आणि मधला भाग काचेला घट्ट चिकटला होता. असा फोटो काचेवरून ओढायचा नसतो, वरचा थर काचेलाच राहतो. माझ्या आधी घरात कुणीतरी ओढून पाहिला होता. मागच्या रांगेत डावीकडून चौथ्याचा चेहरा निघून गेला होता. गळ्यापासून खाली माणूस शाबूत, वर नुसता पांढरा ठिपका.

मी काचेसकट स्कॅन करायला घेतलं आणि तोवर गार्डसाहेब बोलू लागले.

हा ईस्टर्न रेल्वेचा संघ. कलकत्त्याची फुटबॉल लीग म्हणजे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग, या तिघांची मक्तेदारी. 1958 साली या तिघांना मागं टाकून रेल्वेच्या नोकरदार पोरांनी ती लीग जिंकली. त्यानंतर या तिघांबाहेरच्या संघाला ती जिंकायला 2019 साल उजाडावं लागलं, तेव्हा पीअरलेसनं जिंकली. मध्ये 61 वर्षं गेली. "त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला," गार्डसाहेब म्हणाले. "वाटलं, आता आम्ही एकटे नाही."

त्यांचे वडील कांचरापाड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. मॅचच्या दिवशी बापलेक सियालदाहला उतरून चालत मैदान गाठायचे. तिकीट मिळालं नाही तर पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवलेला पेरिस्कोप घेऊन गर्दीच्या डोक्यांवरून बघायचे. लीग पावसाळ्यात चालायची, सगळं मैदान चिखल. तोवर सगळे बूट घालून खेळायला लागले होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 नं हरवलं, त्यानंतर अनवाणी खेळणं बंद झालं. बुटांच्या तळाला चामड्याचे खुंटे खिळ्यांनी ठोकलेले असायचे. खिळा वर आला की टाचेत रुतायचा, खेळाडू बाहेर यायचा, दगडानं तो ठोकायचा आणि परत आत पळायचा.

"ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांचे लोक हिल्सा घेऊन घरी जात, मोहन बागान जिंकलं की झिंगे. आम्ही कुठला मासा न्यायचा? बाबा म्हणाले, आपण रसगुल्ले नेऊ."

स्क्रीनवर फोटो उमटला तसे ते एकेकावर बोट ठेवत गेले. हे पी. के., म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी. हे मेलबर्न ऑलिंपिकला जाऊन आलेले निखिल नंदी. पीके म्हणजे पुढं 1960 च्या रोम ऑलिंपिकला भारताचे कर्णधार झालेले, फ्रान्सविरुद्ध गोल मारलेले. लोक त्यांना मोठ्या क्लबांचे कोच म्हणून ओळखतात, पण सुरुवातीचा काळ सोडला तर खेळले ते रेल्वेकडूनच. गार्डसाहेबांना याचा केवढा अभिमान. "बोलावणी नव्हती का? होती. प्रदीपदा गेले नाहीत."

मला नवल वाटलं ते फिटरकाकांचं. हा माणूस कलकत्त्याला कधी गेलेला नाही. तरी मध्येच म्हणाले, "तो त्या कडचा नाही, तो दुसरा. तूच सांगितलं व्हतं मले, रनिंग रूममधी." आणि गार्डसाहेबांनी नीट निरखून मान डोलावली. चाळीस वर्षं ऐकून ऐकून तो संघ काकांचाही झाला होता.

तेरा जणांची नावं झाली. चौथ्याशी गाडी अडली. "राखीव होता," गार्डसाहेब म्हणाले. "मी त्याला एकदाच खेळताना पाहिलं. नाव..." ते बराच वेळ गप्प राहिले. काकांनी दोनतीन नावं सुचवली, गार्डसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. ते नाव गोष्टीत कधी आलंच नसणार, नाहीतर काकांना आठवलं असतं.

मग मी जे केलं, ते त्यांना बरं वाटावं म्हणूनच केलं. हल्ली गेलेला चेहरा भरून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्या काळचा बंगाली तरुण, अमुक बाजूनं उजेड, एवढं सांगितलं आणि पंधरा सेकंदांत गळ्यावर चेहरा बसला. देखणा, किंचित हसरा, बाकीच्यांत बेमालूम मिसळलेला. गार्डसाहेब खुर्चीतून उठले.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो."

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काउंटरवर बसलेले माझे वडील मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी उभं आयुष्य निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग केलं. मुरुमं घालवली, सुरकुत्या घालवल्या. मला शिकवताना त्यांनी एकच धाक घातला होता, की आईला पोरगं ओळखू आलं पाहिजे. त्यांचं गप्प राहणं मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर उघडायला गेले तर गार्डसाहेब पायरीवर बसलेले. एकटेच. रात्रभर झोप नसावी.

"मा, तो चेहरा काढ."

मी विचारलं, तो नव्हता का?

"कोण जाणे. कालपर्यंत माझ्याकडे तो होता. चेहरा धड नव्हता, पण होता. पावसात केस कपाळाला चिकटलेले, मान खाली घालून पळायचा. काल रात्री डोळे मिटले तर तुझा मुलगा येतो. चांगला हसतो. पण पाऊस पडतो आणि तो भिजत नाही." थोडं थांबून म्हणाले, "माझा कुठं गेला, सापडेना."

माझे हात गार पडले. मी फाटलेली लुगडी दुरुस्त करावीत तशी शेकडो फोटोंची कामं केली आहेत, पण एखाद्याच्या डोक्यातली चीज आपल्या हातून पुसली जाईल हे कधी मनात आलं नव्हतं. ती फाइल मी त्यांच्यासमोर डिलीट केली. ते बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढून तो गेला की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग मूळ स्कॅन उघडला. बुरशीचा पिवळा डाग स्कॅनच्या निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे नुसत्या निळ्या उजेडाच्या चित्रात, काळाकुट्ट दिसतो, लाल चॅनेलमध्ये मात्र जवळजवळ विरून जातो. वडिलांनी शेजारी स्टूल ओढलं. आम्ही दोघांनी लाल चॅनेल घेऊन त्या ठिपक्याची कड सावकाश मोठी केली. जिथं थरच निघून गेला होता तिथं काही मिळणार नव्हतं, ते पांढरंच राहिलं. पण उजव्या कडेला, पिवळ्या डागाखाली, एक कान निघाला. जरा बाहेर आलेला. त्याच्यावर केसांची एक बट. आणि खाली त्याचा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. हात पहिल्यापासून तिथंच होता, चेहऱ्याच्या नादात काल कुणी पाहिला नव्हता.

गार्डसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कान असाच," ते हळूच म्हणाले. "बाबा त्याला कानावरून काहीतरी म्हणायचे. सगळे हसायचे."

काय म्हणायचे ते आठवलं नाही. मी पुढं काही विचारलं नाही.

चार दिवस मी बाकीच्या तेरांवरची बुरशी काढली आणि चौथ्याला हात लावला नाही. पांढरं तसंच, कडेला कान आणि बट. नावांची पट्टी नव्यानं लिहिली, वडिलांनी स्वतः, बोरूनं. चौथ्याच्या जागी एका नावापुरती कोरी जागा सोडली. दोन प्रती काढल्या. दुसरी कुणाला म्हणून विचारलं तर गार्डसाहेबांनी फिटरकाकांकडे बोट दाखवलं.

फोटो पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. खिळा काकांनीच ठोकला, कूलरपासून लांब, आतल्या खोलीत देवघराशेजारी. मग मागं सरून, दाराला टेकून त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली, डावीकडून. तीन झाली. चौथ्याशी ते थांबले आणि गार्डसाहेबांकडे पाहिलं. गार्डसाहेब म्हणाले, "कानवाला." काकांनी मान डोलावली आणि पाचवं नाव घेतलं.