दोन रात्री भुतांच्या: नॉट्स आणि युनिव्हर्सलच्या हॅलोविन मेझमध्ये कधी जावं, कसं चालावं

मुलगा किंवा भाची लॉस एंजेलिसकडे नोकरीला आणि तुमचं ऑक्टोबरात जाणं, असा योग जुळला की हॅलोविनच्या तिकिटांचा विषय घरात निघतोच. मुख्य ठिकाणं दोन, दोन्ही थीम पार्क. ब्युएना पार्कमधल्या नॉट्स बेरी फार्मचं 'स्केरी फार्म' १९७३ पासून चालू आहे. युनिव्हर्सल स्टुडिओजचं 'हॅलोविन हॉरर नाइट्स' २००६ पासून, कोविडचं २०२० सोडलं तर, दरवर्षी होतं. दोन्हींचं रात्रीचं तिकीट वेगळं, दिवसाच्या तिकिटावर आत राहता येत नाही. हा वृत्तांत गुरुवारी नॉट्स आणि रविवारी युनिव्हर्सल या क्रमाने आहे, आणि तोच क्रम सुचवतो. शनिवार दोन्हीकडे टाळा.

'मेझ' (भूलभुलैया) या शब्दाने फसू नका. वाट एकच असते, चुकायला जागाच नाही. काळ्या प्लायवुडच्या भिंतींमधून तीन ते पाच मिनिटं चालायचं, वाटेत सेट आणि दबा धरून बसलेले कलाकार. खोपोलीच्या इमॅजिकातलं सलीमगढ पाहिलेल्यांना प्रकार ओळखीचा वाटेल. इथे असे आठ-दहा मेझ एका रात्रीत करायचे असतात, आणि तीच माणसं एका मेझमधून पांढरीफटक होऊन बाहेर पडतात, तर दुसऱ्यातून जांभया देत. फरक सेटच्या खर्चाचा असतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो तुमच्या आणि पुढच्या माणसाच्या मधल्या अंतराचा असतो.

हे गणित एकदा मांडून बघा. समजा, तासाला १,२०० माणसं आत सोडली, म्हणजे दर तीन सेकंदांना एक. मेझ पार करायला चार मिनिटं धरली तर आत एका वेळी ८० माणसं, एकामागे एक मुंग्यांसारखी. भिंतीतल्या झरोक्यातून झेप घेणाऱ्या भुताला बाहेर यायला, किंकाळी मारायला, मागे सरून पडदा नीट करायला आठ-दहा सेकंद लागतात. मग तिघांमधल्या एकालाच खरा दचका मिळतो. दुसऱ्याला भूत पाठमोरं दिसतं, तिसऱ्याला हलणारा पडदा. पुढचे ओरडले की कुठल्या कोपऱ्यात काय आहे हेही तुम्हाला आधीच कळतं. हेच आठ-आठ जणांचे गट ४० सेकंदांच्या अंतराने सोडले तर तासाला ७२० माणसं होतात, पण प्रत्येक गटाला तयार भूत मिळतं. इंग्लंडमधल्या पार्कांत लहान गट करून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आत पाठवायची रीत आहे ती यासाठीच. कॅलिफोर्नियात गर्दीच्या रात्री ते परवडत नाही, रांग अखंड आत सरकत राहते.

म्हणून अंतर आपलं आपण करायचं. आत माणूस सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकतो, तेव्हा दहा सेकंद म्हणजे पाच मीटर, सात-आठ पावलं. दाराशी थांबू नका, तिथला कर्मचारी पुढे ढकलतोच. पहिल्या खोलीत सेट बघायच्या निमित्ताने पाय जड करा आणि पुढचा घोळका वळणाआड जाऊ द्या. मग त्यांच्याच वेगाने चाला. मागचे तुम्हाला येऊन चिकटतील, पण त्याने दचका त्यांचा जातो, तुमचा नाही. (थोडा स्वार्थीपणा आहे, मान्य.) याहून जास्त रेंगाळलात तर टॉर्च चमकते आणि 'कीप मूव्हिंग' ऐकावं लागतं, त्याने उरलासुरला अंधारही जातो.

गुरुवारचं वेळापत्रक असं. नॉट्सपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आर्टिशियाचा पायोनियर बूलेव्हार्ड आहे, भारतीय दुकानं आणि खानावळींची वस्ती. शाकाहारी असाल तर संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच जेवून घ्या. आत फ्राइज आणि गोड पदार्थांवर रात्र काढणं जिवावर येतं. तिकिटाच्या जोडीने 'बू-फे' नावाचं जेवण विकतात, त्यात जेवणापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे इतरांच्या थोडं आधी आत जाता येतं. आईबाबा सोबत असतील आणि त्यांना ही थेरं नको असतील, तर मिसेस नॉटचं चिकन डिनर रेस्टॉरंट गेटच्या बाहेरच आहे, तिथे बसायला पार्कचं तिकीट लागत नाही. बॉयझनबेरी पाय तेवढा मागवा, हे फळ या शेतानेच लोकांपुढे आणलं.

गेट साधारण सातला उघडतं आणि सगळे समोरच्या पहिल्या मेझला लागतात. तुम्ही सरळ शेवटच्या टोकाला जा आणि मागून पुढे या. पहिल्या तासात तीन मेझ होतात, नवाच्या पुढे तेवढ्याच वेळात एक झाला तरी नशीब. यंदाचा नवा मेझ असेल तर तो एकतर अगदी पहिला किंवा अगदी शेवटी. मधल्या वेळात, म्हणजे साडेआठ ते अकरा, रांगा चढलेल्या असताना घोस्ट टाउनच्या रस्त्यावर भटका.

घोस्ट टाउन हे नॉट्सचं खरं भांडवल. वॉल्टर नॉटने १९४० च्या सुमारास, कोंबडीच्या जेवणासाठी ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना गुंतवायला, हे जुनाट खेडं उभं केलं. लाकडी इमारती, मंद दिवे आणि हॅलोविनला गुडघाभर नव्हे, डोक्यावरून धूर. या धुरातून 'स्लायडर' येतात. गुडघ्यांना पॅड, हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या. वीसेक पावलं धावत येऊन भूत गुडघ्यांवर पडतं आणि तुमच्या पायाशी घसरत येतं. मोज्यांचा फरशीवर खर्रर्र आवाज होतो, ठिणग्या उडतात. दृश्य येतं खालून आणि आवाज मागून, त्यामुळे उडी ठरलेली. ही कला इथेच जन्मली आणि पुढे जगभरच्या पार्कांनी उचलली. कडेला उभं राहून मोबाइलवर चित्रण करत बसलात तर स्लायडर तुमच्याकडे बघणारही नाहीत. गप्पा मारत मधून चालणाऱ्या जोड्या त्यांचं आवडतं सावज.

रस्त्याचा शत्रू वारा. ऑक्टोबरात सांता आना नावाचे कोरडे, गरम वारे वाळवंटाकडून सुटतात. त्या रात्री धूर यंत्रातून निघतो आणि लगेच पांगतो, मग घोस्ट टाउन म्हणजे मेकअप केलेली पोरं आणि उघडे दिवे. हवामानात वाऱ्याचा इशारा असेल आणि तिकिटाची तारीख बदलता येत असेल तर जरूर बदला. येत नसेल तर मेझवरच भर द्या.

आता मेझच्या आतलं. चांगल्या मेझमध्ये तुमचं लक्ष एकीकडे नेऊन घाव दुसरीकडून घालतात. डावीकडे खुर्चीला बांधलेला देह झटके देत असतो, दिवा त्याच्यावर, आवाज त्याचा, आणि उजवीकडे खांद्याच्या उंचीवर एक साधी तसबीर. तसबीर म्हणजे सरकती फळी. कलाकाराने आतून खटका सोडला की ती धाडकन खाली पडते, त्याच क्षणी चौकटीत चेहरा आणि त्याच्यावर एकच पांढरा दिवा. यातलं निम्मं काम लाकडावर लाकूड आदळण्याचं आहे. फळीखाली आवाज मारणारं रबर जाड लावलं की 'धाड'चं 'थप' होतं, आणि मग चेहरा कितीही भयाण असो, लोक नुसते वळून बघतात. दिवा आणि फळी अर्ध्या सेकंदाने जरी मागेपुढे झाले तरी तेच. असा फुसका बार दिसला की दोष कलाकाराचा नसून यंत्राचा आहे हे ओळखा.

दुसरी युक्ती दलदलीची. अंधाऱ्या खोलीत कमरेच्या उंचीवर हिरव्या लेझरचा आडवा पातळ पडदा आणि खाली दाट धूर. प्रकाश धुरावर पडला की पाण्याचा हलता पृष्ठभाग दिसतो, तुम्ही कमरेइतक्या पाण्यातून चालताय असं वाटतं आणि 'पाण्याखाली' ओणवा बसलेला माणूस अजिबात दिसत नाही. तो उठला की बोबडी वळते. पण याला स्थिर हवा लागते. दार वारंवार उघडलं की धूर फाटतो, भोकं पडतात आणि ओणवी बसलेली बिचारी भुतं स्पष्ट दिसतात. शिवाय प्रत्येक दुसरा माणूस हात घालून 'पाणी' ढवळतो. तुम्ही ढवळू नका, मागच्यांसाठी तरी.

भिववण्याची दिशाही महत्त्वाची. जाणते लोक दचका बाजूने किंवा मागून देतात, म्हणजे माणूस पुढे पळतो आणि वाट मोकळी राहते. समोरून दिला तर तो मागे हटतो, मागचे त्याच्यावर आदळतात आणि पुढच्या दोन खोल्यांची लय जाते. आणि दर वळणावर एक भूत हा नवशिक्यांचा हिशेब. शरीर तिसऱ्या-चौथ्या 'भॉक'ला सरावतं. एक लांब, रिकामा बोळ, काहीच न घडणारा, मधे टाकला की पुढचा दचका दुप्पट बसतो. लोक अशा बोळाबद्दल 'तिथे काहीच नव्हतं' अशी तक्रार करतात, पण तिथेच एकमेकांचे दंड धरलेले असतात.

डोळ्यांचं एक साधं पथ्य आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण सराव मोडायला मोबाइलचा पडदा काही सेकंद पाहणं पुरे. रांगेच्या शेवटच्या दहा मिनिटांत फोन खिशात ठेवा. उलट फार भीती वाटत असेल, तर फोन बघतच आत शिरा. काही दिसणार नाही, पण मग दुसऱ्याच कारणाने घाबराल.

अंधारात मधेच चमकणाऱ्या 'एक्झिट'च्या पाट्या रसभंग करतात हे खरं. त्यांना कारण आहे. ११ मे १९८४ ला न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधल्या 'हाँटेड कासल'ला आग लागून आठ तरुण मुलं गेली. त्यानंतर अमेरिकेत अशा भूतघरांना पाण्याचे फवारे, धूरसूचक आणि आपत्कालीन दिवे याबाबत नियम कडक झाले. पाटी दिसली की वैतागण्यापेक्षा ती कुठे आहे ते लक्षात ठेवा.

रविवारी युनिव्हर्सल. इथलं बलस्थान सेट. सिनेमा बनवणाऱ्यांनीच केलेले, जवळून बघितले तरी न उघडे पडणारे. तोच त्यांचा तोटाही. गाजलेल्या सिनेमाचा मेझ असला की लोक ओळखीचं दृश्य शोधायला थबकतात आणि रांग घट्ट होते. सिनेमावर न बेतलेले, स्वतंत्र कल्पनेचे मेझ बऱ्याचदा जास्त घाबरवतात, कारण पुढे काय येणार ते कोणालाच माहीत नसतं. निवड करायची वेळ आली तर हे आधी घ्या.

पार्क दोन पातळ्यांवर आहे आणि मधे लांबच लांब सरकते जिने. एक खेप दहा मिनिटं खाते. लवकर प्रवेशाचं तिकीट असेल तर खालच्या भागातले मेझ सलग उरकून वर या, वरखाली करू नका. 'टेरर ट्रॅम' तुम्हाला स्टुडिओच्या मागच्या आवारात सोडते आणि उतारावरून चालायला लावते. तिथे खरं बोइंग ७४७ कापून केलेला विमान-अपघाताचा सेट आहे. भीती बेताचीच, पण त्या तुकड्यांमधून रात्री चालणं एरवी मिळत नाही. तिथे हातात चेनसॉ (झाडं कापायची यांत्रिक करवत) घेऊन भुतं धावतात, करवतीची दातेरी साखळी काढलेली असते. पेट्रोलचा वास आणि आवाज मात्र खरा.

एक्सप्रेस तिकीट घ्यावं का? समजा, आठ मेझ आणि प्रत्येकी ७५ मिनिटं रांग, म्हणजे दहा तास. रात्र सहा-सात तासांची. अशा गर्दीत एक्सप्रेसशिवाय चार-पाच मेझ होतील. रांग ३० मिनिटांची असेल तर आठांना चार तास पुरतात, पैसे वाचवा. एक्सप्रेसने रांग टळते, पण आतलं पुढच्या माणसाशी असलेलं अंतर विकत मिळत नाही. ते मध्यरात्रीनंतर फुकट मिळतं. शेवटच्या तासात, आवडलेला एक मेझ पुन्हा करा. बंद होण्याच्या वेळी रांगेत असलेल्यांना सहसा आत सोडतात. एकाच भूमिकेत दोन कलाकार आलटूनपालटून असतात, त्यामुळे मेझ अर्धा रिकामा वाटला तर पाळी बदलत असण्याची शक्यता मोठी. थोड्या वेळाने जाल तर तोच मेझ वेगळा निघेल.

किरकोळ पण कामाचं: बंद बूट घाला, चपला नकोत. ओढणी, पदर, लोंबती पर्स घरी ठेवा, काही मेझमधल्या फिरत्या बोगद्यातल्या पुलावर कठड्यात अडकतात. त्या बोगद्यात तोल जायला लागला तर नजर पायाखालच्या फळीवर ठेवा, पूल स्थिर असतो, फिरतो तो फक्त भोवतालचा पिंप. अपस्मार असेल तर स्ट्रोबचे, म्हणजे झपाझप लुकलुकणाऱ्या दिव्यांचे, इशारे दारावर वाचून मगच शिरा. दम्यासाठी पंप खिशात, बॅगेत नव्हे. भुतं तुम्हाला हात लावत नाहीत, तुम्हीही लावायचा नाही, घाबरून उगारलेला हातसुद्धा बाहेर काढला जाण्याचं कारण ठरतो. सोबत तेरा वर्षांखालचं मूल असेल तर पुन्हा विचार करा, आणि वयाची व पालकसोबतीची अट तिकीट काढतानाच वाचा.

गाडी लावली की मजला आणि खांबाचा क्रमांक यांचा फोटो काढा. रात्री दीडला सगळे एकदम निघतात. वीस मिनिटं आतच पाणी पीत बसलात तर बाहेरचा पाऊण तास वाचतो, आणि परत गाडी चालवणाऱ्याने तेवढ्यात एक कॉफी घेतलेली बरी.