तुम्ही विचारलंत म्हणून: सुमारगडाखालून आम्ही परत का फिरलो

खेडच्या बाजारात, दापोलीच्या एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जो तो एकच विचारतो: सुमारगडाच्या कातळाखाली पोचलात आणि वर न जाता फिरलात, असं कसं? बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. बाई घाबरली.

हो, घाबरले. पण कशाला, ते ऐका.

जानेवारी होता. रसाळगडावर झोलाईच्या देवळात मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. मी, दादा आणि त्याचा मुलगा. तिथून सुमारगडाकडे जाणारी ती डोंगरधार तुम्हाला ठाऊक आहे. वाळलेलं गवत कमरेएवढं, वाट ढोरवाटांत हरवलेली. चुकतमाकत कातळाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, आणि खेडच्या अंगाला, खालच्या उतारावर, धूर दिसला.

वणवा आपल्याला नवा नाही. कुणी पाचोळा पेटवतो, कुणी विडीचं थोटूक टाकतो. पण दुपारनंतर खारा वारा चढणीला लागतो, आणि चढणीवर आग माणसापेक्षा जोरात धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला लागायच्या आधीच त्याला तापवतात. आम्ही वर असताना खालचं गवत पेटलं असतं तर उतरायचं कुठून?

भाचा म्हणाला, "आते, अर्ध्या तासात शिवून येतो." मी नाही म्हटलं. तो ओरडला. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरला तो सोडलाच नाही. दादा कातळाला हात टेकून उभा होता. लहानपणापासून या गडाचं नाव घेत आलेला माणूस. त्याने एकदा वर बघितलं, एकदा धुराकडे, आणि पिशवी खांद्याला लावली. एक शब्द बोलला नाही. धनगरवाडा येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

वणवा वर आलाच नाही. मधल्या उघड्या कातळावर विझला. हे मी कधी लपवलेलं नाही. भाचा तेच पुन्हा पुन्हा ऐकवतो. मी विचारते, साडेतीन वाजता हे कुणाला माहीत होतं?

पण तेव्हा मी म्हटलं होतं, गड कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी येऊ. त्या वाक्यावरून मी आजही स्वतःशी भांडते. गड आहे, दादाचे गुडघे राहिले नाहीत. डॉक्टरांनी चढण बंद केली. कधी वाटतं, त्याला तरी जाऊ द्यायचं होतं. लगेच वाटतं, मग मुलगा खाली थांबला असता का?

भाचा आता बोटीवर असतो. सुट्टीला आला की म्हणतो, दिवाळी झाली की लगेच जाऊ, गवत ओलं असतं, पेटत नाही. खरं आहे. पण तेव्हा ते डोक्यावर जातं आणि वाट अजिबात सापडत नाही. दादा म्हणतो, तुम्ही दोघं जाऊन या. मी अजून हो म्हटलेलं नाही.