परवान्याच्या फ्रेमपासून पोर्टलच्या आकड्यापर्यंत: आमच्या पेढीची वाटचाल

आमची पेढी मराठवाड्यात तूर, हरभरा आणि गहू यांचा घाऊक व्यापार करते. हा धंदा पहिल्यापासून अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खालीच चालत आला. कायदा तोच आहे. बदलत गेले ते त्याच्या कलम ३ खाली निघणारे आदेश, आणि आमची कामाची पद्धत त्या आदेशांनीच घडवली.

आधीचा काळ परवान्याचा. किरकोळ विक्रेत्यांसाठी राज्याचा १९७९ चा परवाना आदेश होता, घाऊक व्यापाऱ्यांसाठी पुढे १९९८ चा आला. परवाना फ्रेम करून भिंतीवर, दर्शनी भागात साठ्याचा आणि भावाचा फलक, आणि गल्ल्याजवळ साठा नोंदवही: आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक. तपासणीत खरी परीक्षा परवान्याची नसायचीच. फलक, वही आणि गोदामातली थप्पी या तिघांचा मेळ बसतो का, एवढंच पाहिलं जाई.

१५ फेब्रुवारी २००२ च्या केंद्राच्या आदेशाने गहू, तांदूळ, भरड धान्य, साखर, तेलबिया आणि खाद्यतेल यांच्यावरचा परवाना, साठा मर्यादा आणि वाहतुकीचे निर्बंध उठले. २००३ मध्ये डाळीही त्यात आल्या. बाजारात बऱ्याच जणांना वाटलं, आता वही ठेवायची कशाला? पण आदेशाने दिलेली सूट दुसऱ्या आदेशाने जाते. २००६ मध्ये गहू आणि डाळींसाठी ती स्थगित झाली आणि राज्यांना पुन्हा मर्यादा घालता आली. कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तर किरकोळ भाव ठरावीक टक्के चढल्याशिवाय मर्यादाच नको असं ठरवलं होतं: टिकाऊ शेतमालाला ५० टक्के, फळं-भाजीपाल्याला १००. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि त्याच वर्षाअखेर ती दुरुस्ती रद्दही झाली.

आकडे किती झपाट्याने हलतात याचा नमुना म्हणून २०२३ ची तूर आणि उडीद पाहा. २ जूनला घाऊक व्यापाऱ्याची मर्यादा प्रत्येक डाळीला २०० टन. २५ सप्टेंबरला ती ५० टन. ६ नोव्हेंबरला पुन्हा २००. किरकोळ दुकानदाराची या सगळ्यात ५ टनच राहिली. पन्नास टन म्हणजे पन्नास किलोचे हजार कट्टे, जेमतेम दोन मोठ्या गाड्या. गव्हाचंही तसंच: जून २०२४ मध्ये व्यापाऱ्याला ३००० टन, सप्टेंबरात २०००, डिसेंबरात १०००, आणि २० फेब्रुवारी २०२५ ला थेट २५०. जादा माल काढायला मुदत मिळते, पण त्या मुदतीत सगळा बाजार एकदमच विकायला निघतो आणि भाव पडतात. म्हणून मर्यादेच्या काठापर्यंत माल भरायचा नाही, हे आम्ही पक्कं केलं आहे. ८० टक्क्यांवर खरेदी थांबते.

नोंदीत चुका कुठे होतात? सर्वांत जास्त एककात. वही क्विंटलमध्ये, साठा कळवायचं सरकारी पोर्टल मेट्रिक टनात. १८५० क्विंटल तूर १८५० टन म्हणून भरली की कागदावर २०० टनांच्या मर्यादेच्या नऊपट साठा उभा राहतो. गव्हाचा साठा दर शुक्रवारी भरावा लागतो, त्यामुळे ही चूक घाईच्या संध्याकाळी हमखास होते. आमच्याकडे एक जण भरतो, दुसरा दहाने भागून पडताळतो, आणि भरल्याची छापील प्रत त्याच तारखेच्या पानाला टाचली जाते.

दुसरी भानगड मालकीची. वखार महामंडळात ठेवलेला माल, पावती तारण ठेवून बँकेकडून उचल घेतलेला माल, डाळ करायला मिलवर पाठवलेली तूर, हे सगळं आमच्याच साठ्यात धरायचं. तारण ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही. मिलचा हिशेब तर त्याच दिवशी फिरवावा लागतो: तूर वजा, डाळ जमा, चुनी आणि भुसा वेगळ्या खान्यात. डाळीचा उतारा साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के. तूर वजा न करता डाळ जमा केली, तर तोच माल दोनदा मोजला जातो. अडतीवर उतरलेला शेतकऱ्याचा न विकलेला माल मात्र त्याच्या नावाने, वेगळ्या थप्पीत, वर नावाची चिठ्ठी लावून.

तिसरी गोष्ट घट. जानेवारीत आलेली नवी तूर ओलसर असते आणि उन्हाळ्यात वजन सोडते. वर्षाअखेरीस एकदम घट दाखवली की ती चोरटी विक्री वाटते. दर महिन्याला दहा कट्टे पुन्हा तोलून त्या प्रमाणात घट लिहिली, सोबत तोलाईची पावती जोडली, तर प्रश्न उरत नाही.

शिक्षा दोन तऱ्हेच्या आहेत. माहिती न देणं, वह्या न ठेवणं यासाठी एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बाकी बहुतेक उल्लंघनांना तीन महिने ते सात वर्षं. माल जप्त झाला तर तो सरकारजमा करण्याचा अधिकार कलम ६अ ने जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण त्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. अपिलाला एक महिना मिळतो. पंचनाम्यावर सही करताना कट्ट्यांची संख्या आणि भरती (एका कट्ट्यातलं वजन) दोन्ही लिहिलीत का हे पाहावं. तीस किलोचे कट्टे पन्नासचे धरले की साठा आपोआप फुगतो.

मर्यादा कमी झाली की काही गिऱ्हाइकं फोन करतात: बिल आमच्या नावाने फाडा, माल तुमच्याकडेच राहू द्या. आम्ही नाही म्हणतो. गोदाम आमचं, थप्पी आमच्या जागेत आणि गेटपास कुठेच नाही, अशा बिलाला तपासणीत कोण खरं मानणार? शिवाय २०२३ मध्ये त्या दुकानदाराची डाळीची मर्यादा ५ टनांची, म्हणजे शंभर कट्ट्यांची होती. दीडशेचं बिल फाडलं असतं तर तोही अडकला असता. बिल फाडलं की तीन दिवसांत माल उचलायचा, नाहीतर बिल रद्द.