रस्सा निवायच्या आत

रविवारी कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चची उपासना सुटते, पाहुणे घरी येतात, ताटं वाढून होतात आणि यजमान म्हणतात, "पाळकसाहेब, प्रार्थना करता का?" पाळकसाहेब डोळे मिटतात. इथून पुढं सगळं लक्ष वाटीकडं. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. कढत आहे तोवरच त्याची गंमत. जरा वेळ गेला की वर पातळ साय धरते, आणखी थोड्या वेळानं चरबी वाटीच्या कडेला चिकटायला लागते. प्रार्थना तेव्हा कुठं मंडळीतल्या आजाऱ्यांवरून देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत आलेली असते.

लहान पोरं एक डोळा किलकिला ठेवून नळी कुणाच्या ताटात पडली ते बघून घेतात. त्यांना रागावू नये. "आमेन" सगळ्यांत मनापासून तीच म्हणतात.

जेवणावरच्या प्रार्थनेला वीस-तीस सेकंद पुष्कळ झाले. देणाऱ्याचे आभार, समोरच्या अन्नाचं नाव, ज्या हातांनी रांधलं त्या हातांसाठी आशीर्वाद, ज्यांच्या ताटात आज काही नाही त्यांची आठवण. आमेन. आजारी माणसं, परीक्षा, पुढारी यांना संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आहे की. खरं तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आज्ञा आहे ती खाऊन तृप्त झाल्यावर धन्यवाद करण्याची, आणि यहुदी घरांत जेवणानंतरची प्रार्थना आजही मोठी असते. जेवणाआधीची छोटी, भाकरीपुरती. आपल्याकडं आधीचीच लांबली आणि नंतरची गेली. हात धुवायला उठता उठता कुणी "प्रभू, पोट भरलं, तुझे आभार" म्हणालं तर काही बिघडणार नाही. उलट रस्सा तरी वाचेल.

"अन्नाचं नाव" म्हणजे भात तर भात, मेथी तर मेथी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात चार हजारांना जेवू घालताना येशू सात भाकरी घेऊन उपकारस्तुती करतो, म्हणजे देवाचे आभार मानतो, मोडतो, वाढायला देतो. मग थोडेसे लहान मासे निघतात, तर त्यांच्यावर तो पुन्हा वेगळा आशीर्वाद मागतो. भाकरीच्या प्रार्थनेत मासेही उरकून टाकले नाहीत. म्हणून "सर्व गोष्टींसाठी आभार मानतो" हे वाक्य कानाला खटकतं. गठ्ठ्यानं सह्या मारल्यासारखं वाटतं.

रोजची सवय लावायची तर वही बरी, शंभर पानी, साधी. रात्री तारीख टाकायची आणि खाली तीन ओळी. अट एकच, लिहिलेली गोष्ट महिनाभर पुन्हा लिहायची नाही. पहिले दोन-तीन दिवस झकास जातात. आरोग्य, कुटुंब, अन्न, घर, नोकरी. चौथ्या दिवशी माणूस पेन चावत बसतो. बहुतेक वह्या इथंच बंद पडतात आणि आपल्याला भक्ती जमत नाही असं वाटायला लागतं. पण मोठी नावं संपल्यावरच हाताला बारीक गोष्टी लागतात. गॅस संपला तो पोळ्या झाल्यावर. रंकाळ्यावर वारा सुटला. नळाला पाणी आलं. ही शेवटची ओळ कोल्हापुरात तरी कुणी हसण्यावारी नेऊ नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा वस्तीत शिरली, उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडले होते.

वही चालू राहिली तरी दोन खोडी होतातच. एक, तिसऱ्या ओळीत मागणी घुसते. "पाऊस थांबला, आभार, आता उद्या जरा ऊन पडू दे." हे पुसायचं नाही, वहीच्या मागच्या पानावर न्यायचं. दुसरी खोड जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. "आपली मुलं तशी नाहीत, देवाची कृपा." लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून हेच करतो, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. वाक्यरचनेत बघितलं तर तीही उपकारस्तुतीच. ओळीत शेजारपाजारचं कुणी डोकावलं की समजावं, परूशी आला.

आणि रोज म्हणजे रोज. इस्राएल लोकांना अरण्यात देवानं दिलेलं अन्न, मान्ना, रोज माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचं होतं. ज्यांनी सकाळपर्यंत झाकून ठेवला त्याला किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट घेतलेला टिकला. रविवारी पाकिटात विशेष उपकारस्तुतीचं दान घातलं, पाळकांनी नाव वाचलं, की आठवडा भागला असा हिशेब त्यात बसत नाही.

राहिले वाईट दिवस. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं आहे. "स्थितीत". "स्थितीबद्दल" नाही. त्या एका प्रत्ययावर कितीतरी जणांनी आपले वाईट दिवस काढले असतील. दुखण्याबद्दल आभार मानायची सक्ती नाही, दुखण्यात असताना मानण्यासारखं काही असेल तर ते शोधायचं. इतकं नीट लावून होतं आणि त्याच्याच इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडतो. तिथं स्वच्छ लिहिलंय, "सर्व गोष्टींबद्दल". म्हणजे वर ज्या वाक्याला नाक मुरडलं तेच पौलानं लिहून ठेवलंय. आता काय करणार?

स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी एखादी आभाराची ओळ जोडावी असं कुणाला वाटलं नाही. वहीतही तशी एखादी तारीख असू द्यावी, खाली तीन कोऱ्या ओळी.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. दुपारी गल्लीतलंच कुणीतरी फडक्यात बांधून भाकरी आणि पातेलंभर पिठलं आणून ठेवतं. कुणाला भूक नसते. मग घरातली एखादी म्हातारी पोरांना ओढून खाली बसवते, पदर डोक्यावर घेते आणि म्हणते, "प्रभू, ज्यांनी आणलंय त्यांचं भलं कर. आमेन. जेवा रे." भाकरी अजून गरम असते.