कादंबरीचं घड्याळ पंचांगात शोधा

गोव्याच्या इतिहासावर प्रेमकथा लिहायची, तिच्यात श्रद्धा हवी आणि शेवटच्या पानापर्यंत धाकधूकही हवी, असं मनात घेतलं की बहुतेकजण आधी नायक-नायिका ठरवतात. आधी साल ठरवावं, मग नदीचा काठ, आणि माणसं त्यानंतर. कारण इथे कुणाला कशाची भीती वाटायची, हे साल आणि काठच ठरवतात.

तिसवाडीतली, म्हणजे गोवे बेट आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरची देवळं १५४० मध्ये पाडली गेली. बारदेश आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली १५४३ मध्ये, साष्टीतली देवळं मोडली १५६६-६७ मध्ये. धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) १५६० ला आलं, १७७४ ला बंद झालं, १७७८ ला पुन्हा उघडलं आणि १८१२ ला कायमचं मिटलं. त्यातली बहुतेक वर्षं फोंडा, म्हणजे अंत्रुज महाल, पोर्तुगिजांच्या ताब्याबाहेर होता. आदिलशाही, मराठे, सौंदेकर असे धनी बदलत तो १७६३ मध्ये त्यांच्याकडे गेला. म्हणजे एकाच दिवशी एका काठावर देवाचा दिवा लावणं गुन्हा, आणि समोरच्या काठावर तोच दिवा रोजचा. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला (हे डिचोलीत, तेही तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्याबाहेर) गेला तो याच फरकामुळे. प्रेम आणि रहस्य दोन्ही या पाण्याच्या पट्ट्यात आयतं मिळतं. ते सोडून तलवारी आणि भुयारं कशाला शोधायची?

कसं बांधायचं ते एका नमुन्यावरून सांगतो. साल १५६६, जागा दिवाडी बेट. नायिका हिंदू घरातली. बहीण आणि मेहुणा वारले, आजी-आजोबा आधीच गेलेले, सात वर्षांचा भाचा तिच्या पदराला. १५५९ च्या राजाज्ञेप्रमाणे आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदू मुलं सेंट पॉल कॉलेजच्या जेझुइटांच्या हवाली करायची, बाप्तिस्मा देऊन वाढवायची. नायक लहानपणापासून त्याच कॉलेजात वाढलेला, आता नवख्रिस्तींचं काम पाहणाऱ्या पाद्रीचा लेखनिक. अशा मुलांची यादी त्याच्याच हातची. भाच्याचं नाव तो लिहीत नाही. इथे गोष्ट सुरू होते, आणि तलवार अजून कुणी उपसलेली नाही.

आता घड्याळ. नायक मनापासून ख्रिस्ती आहे, हे पक्कं धरा. तो वरवरचा ख्रिस्ती आणि आतून हिंदू असं केलंत तर कथा पहिल्याच प्रकरणात सैल होते, कारण मग त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. खरा असेल तर ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात त्याला कबुलीला, म्हणजे पाद्रीजवळ आपली पापं सांगायला, बसावंच लागतं. वर्षातून एकदा कबुली हा नियम १२१५ पासूनचा. १५६६ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपासाचा पहिला दिवस, होता २७ फेब्रुवारीला आणि ईस्टर १४ एप्रिलला. त्याने सांगितलं तर पाद्री ते कुणाला सांगू शकत नाही, कबुलीची मोहर मोडत नाही. पण चूक दुरुस्त करायला तयार नसलेल्याला पापमुक्ती नाकारता येते. मग तो ईस्टरच्या मिस्साला पवित्र भाकरीसाठी पुढे जात नाही, आणि ते सगळं गाव पाहतं. गुपित कुणीही फोडलेलं नाही, तरी ते उघडं पडलं. श्रद्धेच्या कादंबरीतला ताण असा श्रद्धेच्या नियमातूनच यावा.

त्या काळच्या तारखा ज्युलियन आहेत हे विसरू नका. पोर्तुगालने पंचांग बदललं १५८२ च्या ऑक्टोबरात, तेव्हा चारनंतर थेट पंधरा तारीख आली. तिथी काढायची तर जुन्या तारखेत दहा दिवस मिळवून आजच्या गणिताने पाहायची. तसं केलं की त्या वर्षीची चैत्र अमावास्या ईस्टरनंतर साधारण पाच दिवसांनी येते. पाच दिवस! संशयाची कुजबुज सुरू झाल्यापासून अंधाऱ्या रात्रीपर्यंतचा हा वेळ लेखकाने कल्पनेने रचला असता तरी इतका नेमका जमला नसता. नवं पंचांग गोव्यात पोचायला वेळ लागला, म्हणून कुंकळ्ळीच्या १५८३ च्या घटनेला (गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं ती) १५ जुलै आणि २५ जुलै अशा दोन तारखा आढळतात, तो फरकही नेमका दहा दिवसांचाच, हे संदर्भ चाळताना ध्यानात असू द्या.

अमावास्याच का? नुसत्या अंधारासाठी नव्हे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि पाणी पूर्ण चढतं ते दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास. मांडवीत आत शिरायला भरतीला थोडा वेळ लागतो, म्हणून दिवाडीच्या उत्तर अंगाला ती किंचित उशिरा धरावी. दिवाडी ते नार्वे पाणी रुंदीला फार नाही. अडचण काठाची आहे: ओहोटीला खाजणाचा चिखल उघडा पडतो, त्यात माणूस गुडघाभर रुततो, होडी काठाला लागत नाही, आणि सात वर्षांचं मूल खांद्यावर घेऊन धावणं अशक्य होतं. भरती पूर्ण असेल तर होडी थेट खारफुटीच्या आत घालता येते. शुद्ध अष्टमीलाही चंद्र मध्यरात्री मावळतो आणि पाणी पहाटेपर्यंत चढत राहतं, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, असतो. पाणी कमी चढतं, चिखलाची पट्टी पुरती झाकत नाही. कथेत पहिला प्रयत्न अष्टमीला फसवायचा असेल तर फसण्याचं कारण हे असं तयार आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून दोन दिवसांचा उशीर म्हणजे जवळजवळ पावणेदोन तासांचा उशीर. आणि मृग लागला की मांडवीचं तोंड गलबतांना बंद होतं. समुद्रमार्गे दक्षिणेला जायचं तर त्याआधीच.

पत्रांचंही असंच आहे. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात निघत, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत, आणि परत फिरत ती डिसेंबर-जानेवारीत. राजाकडे दाद मागून उत्तर यायला दीड-दोन वर्षं लागायची. सुटकेचं राजपत्र ऐन वेळी हातात पडतं, असा शेवट कुणी लिहू नये.

प्रेमाच्या अडथळ्याकडे बरेचजण घाईने पाहतात. ‘जात-धर्म आड आला’ एवढं पुरत नाही. बाप्तिस्मा झालेल्याचं आणि न झालेल्याचं लग्न त्या काळच्या चर्चच्या नियमाने लग्नच ठरत नसे. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे धर्मग्रामाचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि ओळीने तीन सणवारी मिस्सात जाहीर पुकारा व्हायला हवा. उपासकाळ आणि ईस्टरनंतरचा आठवडा थाटाचं लग्न नाही. इकडे चातुर्मासात लग्न नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं. शिवाय नायक परत हिंदू धर्मात यायला निघाला तरी त्याला पंक्तीत कोण घेणार? दोन्ही दारं बंद आहेत, आणि ती बंद करणारी माणसं आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. पाद्री राक्षस आणि भट संत, किंवा उलट, असं रंगवलंत तर वाचक पन्नासाव्या पानावर निर्धास्त होतो. मुलाचा आत्मा वाचवतो आहोत असं खरोखर मानणारा पाद्री जास्त भीतिदायक असतो, आणि वाचकाला त्याची कणवही येते.

प्रार्थनेने कोडं सोडवायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम. समजा नार्व्याच्या बाजूच्या एखाद्या देवळात नायिका प्रसाद लावते. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवलेल्या, गाऱ्हाणं घातलेलं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. ही वाट पाहणं सावकाश लिहा. पाकळी उजवी पडू द्या. पण ती कुठल्या प्रश्नाला पडली, तिने विचारलेल्या की मनातल्या, हे तिलाच ठरवू द्या. देवाने धीर द्यावा, वाट माणसाने काढावी. एका प्रसंगात एकच प्रार्थना, तीही चार-पाच ओळींत. लांबली की ती पात्राची राहत नाही, लेखकाचं प्रवचन होते.

धर्मन्यायालय पानोपानी आणण्याचा मोह आवरा. त्याचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. हिंदूंवर खटले चालत ते धर्मांतरात अडथळा आणणं अशा ठरावीक आरोपांवर. म्हणजे आपल्या कथेत नायिकेपेक्षा नायकाला त्याची भीती जास्त. आरोपीला साक्षीदाराचं नाव सांगत नसत. १६७४ ते १६७६ गोव्यात कैदेत असलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याच्या वर्णनात तर आरोपही सांगत नाहीत, तूच आठव आणि कबूल कर म्हणतात. यातनागृहाच्या दहा पानांपेक्षा हा एक प्रश्न पुरेसा आहे: माझं नाव कुणी दिलं? घरातलं प्रत्येक माणूस संशयित होतं.

भाषेचं सोपं ठेवा. निवेदन मराठीत, घरातलं बोलणं कोंकणीच्या अंगाने, आणि निखळ कोंकणी ऐन वेळेला. ‘भियेनाका, हांव आसां’ एवढं एक वाक्य होडीत पुरतं. नवख्रिस्ती घरात ‘आवय’, ‘बापूय’च राहू द्या, बाप्तिस्मा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज नातेशब्द तोंडी येत नाहीत. ख्रिस्ती माणसाला ओवीतून येशूची कथा ऐकवायची असेल तर साल पुढे न्या: थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं १६१६ मध्ये.

वस्तूंच्या चुका पटकन पकडल्या जातात. १५६६ मध्ये मंगळुरी कौलं नाहीत, ती १८६५ नंतरची. मांडो हा गोव्याचा गाणं-नाचाचा प्रकार एकोणिसाव्या शतकातला. बाँ जेझू चर्चचं बांधकाम १५९४ ला सुरू झालं. कवळ्याचं आजचं देऊळ १७३८ चं. स्थलांतराच्या काळातला देव साध्या छपराखाली बसवा, दीपस्तंभ आणि घुमट नकोत. ‘पणजी राजधानी’ १८४३ पूर्वी लिहू नये. आमटीत बटाटा घालू नका. पैसे मोजायचे तर तीनशे रैसांचा एक अशर्फी, साठ रैसांची एक तांगा.

शेवट प्रेमकथेला गोड लागतो, पण इतिहास मोडून नव्हे. दोघांना दिवाडीवर सुखाने नांदवता येणार नाही. होन्नावर, भटकळ, मंगळूरच्या बाजूला गोव्यातून हिंदूही गेले आणि ख्रिस्तीही, ही वाट खरी आहे. तिथे पोचल्यावर कोण कुणाचा धर्म घेतं, की कुणीच घेत नाही, याचं उत्तर पहिल्या प्रकरणापासून पेरलेलं हवं. माझा कल असा, की भाच्याचा प्रश्न आधी सुटावा आणि लग्नाचा शेवटच्या प्रकरणात. मूल सुखरूप आहे हे कळल्याशिवाय वाचक प्रेमाकडे लक्ष देत नाही.

हस्तलिखित पुरं झालं की ते गोव्यातल्याच दोघांना द्या, एक देवळात जाणारा आणि एक इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. दोघांनाही एकच काम सांगा: आपल्या लोकांची प्रार्थना, सोवळं, कबुली जिथे खोटी वाटली तिथे खूण करायची. दुसऱ्याच्या धर्माबद्दल त्यांना काही विचारू नका. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ज्या पानावर दोघांच्याही खुणा असतील, त्या पानापासून दुसरा खर्डा सुरू करा.