एका दिवसाच्या रजेसाठी ११ दिवस

मुलाखत ५० मिनिटांत आटोपली. ती द्यायला जाता यावं म्हणून एक दिवसाची रजा हवी होती, तिला ११ दिवस लागले. नव्या नोकरीत रुळून आता पाच महिने झाले, तरी त्या अर्जाचा राग काही गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. मुलाखत गावातल्या गावात असली तर अर्धा दिवस, थोडं लवकर निघणं, असं काहीतरी जमवता येतं. परगावी जायचं म्हटलं की रात्रीचा प्रवास आला, अख्खा दिवस आला आणि तो दिवस कशासाठी हवा याचा ऑफिसात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हेही आलं.

आधीच्या दोन फेऱ्या विनासायास झाल्या. एक फोनवर, दुसरी व्हिडिओवर. दोन्ही मी घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर, ऑफिसची वेळ सुरू होण्याआधी दिल्या. पहिल्याच फोनवर मी सांगून टाकलं होतं, ‘मी सध्या नोकरीत आहे, तिथे कुणाला कल्पना नाही, तेव्हा दिवसा फोन न करता मेल करा.’ त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्यांत नोकरी करणारेच जास्त असतात, त्यामुळे हे सांगायला अजिबात संकोचू नका. तिसरी फेरी समोरासमोर होती. सगळ्यांच्या भेटी एकाच दिवशी ठेवा आणि शक्य असेल तर शुक्रवार द्या, ही विनंतीही मीच केली. शनिवार-रविवारला जोडून घेतलेली रजा कुणाच्या नजरेत येत नाही. आठवड्याच्या मधलाच एक दिवस माणूस दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी चौघं विचारतात.

शुक्रवार, सकाळी ११ची वेळ ठरली. आदल्या आठवड्याच्या मंगळवारी मी रजेचा अर्ज भरला आणि इथून खरी अडचण सुरू झाली.

आमच्याकडे अर्ज ऑनलाइन असायचा. तारीख, रजेचा प्रकार आणि खाली ‘कारण’ नावाची चौकट; तिच्या डोक्यावर लाल चांदणी, म्हणजे ती रिकामी ठेवली की अर्ज पुढे सरकतच नाही. मी लिहिलं, ‘वैयक्तिक काम’. गुरुवारी अर्ज परत आला. शेरा होता, ‘कृपया तपशील द्या’.

सात वर्षं त्या कंपनीत होते. वर्षअखेरीची कामं, रात्री उशिरापर्यंतचे हिशेब, सगळं केलं होतं. हक्काची किरकोळ रजा शिल्लक होती. तिच्यातला एक दिवस कुठे घालवणार हे मी का सांगायचं? त्या एका ओळीने मला इतका संताप आला की त्या दिवशी अर्ज पुन्हा उघडायला संध्याकाळ झाली.

आजारपण लिहायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं. आमच्याच टीममध्ये एकाने असंच आजीच्या तब्येतीचं कारण दिलं होतं. पुढे महिनाभर लोक आपुलकीने चौकशी करत राहिले, ‘आजी कशा आहेत?’ आणि दर वेळी त्याचा चेहरा उतरायचा. शिवाय आजारपणाच्या रजेला कधीही प्रमाणपत्र मागता येतं, आणि खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं तर नवी नोकरी लांबच, हातातली जाते. एक खोटं सांगितलं की ते सांभाळायला आणखी चार लागतात. तेवढी ताकद मला मुलाखतीच्या तयारीसाठी हवी होती.

म्हणून कारण तेच ठेवलं आणि खाली तपशील दिला तो कामाचा: ‘वैयक्तिक काम, त्याच दिवशी करणं आवश्यक. शुक्रवारी द्यायचा अहवाल गुरुवारी संध्याकाळी देते. तातडीचं काही निघालं तर अमुक सहकारी बघतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.’ सोमवारी मंजुरी आली. मॅनेजरला मी कुठे जाणार याच्याशी देणंघेणं नसतं, त्या दिवशी काम अडेल का एवढीच धास्ती असते. ती आपणच दूर केली की पुढचा प्रश्न येत नाही. हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी रात्री मी प्रवासाचं तिकीट काढलं. बुधवारी दुपारी ३ वाजता नव्या कंपनीचा मेल आला: मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकजण शुक्रवारी उपलब्ध नाहीत, सोमवारी चालेल का?

मी लगेच ‘हो’ कळवलं. नंतर रजेचं पान उघडलं. मंजूर झालेल्या अर्जातली तारीख बदलायची सोय तिथे नव्हती. जुनी रजा रद्द करायची, मग नवा अर्ज. पण रद्द करायलाही मॅनेजरची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत तो दिवस शिल्लक रजेतून वजाच दिसतो. माझ्या खात्यावर अर्धा दिवस उरला होता. सोमवारसाठी अर्ज टाकला की लाल अक्षरांत उत्तर यायचं, ‘शिल्लक रजा अपुरी’. म्हणजे शुक्रवार सुटल्याशिवाय सोमवार मिळणार नाही, आणि शुक्रवार सोडवणारा माणूस दौऱ्यावर.

गुरुवारभर मी ते पान उघडत-मिटत राहिले. पिवळ्या पट्टीवर ‘प्रलंबित’. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅनेजरच करू शकतील.’ मॅनेजरना मेल केला, उत्तर नाही. मेसेज केला, दोन बरोबरच्या खुणा उमटल्या, त्या निळ्या होईनात. त्या दिवशी मी दिलेल्या अहवालात एक बेरीज चुकली होती, ती मलाच रात्री सापडली. मन थाऱ्यावर नव्हतं.

शुक्रवारी, म्हणजे ज्या दिवशी मी मुलाखतीला असायला हवं होतं त्या दिवशी, ऑफिसात बसून शेवटी फोन लावला. हात गार पडले होते.

‘सर, आजची माझी रजा मी घेतलेली नाही. ती सोमवारी हवी आहे. रद्द करायची विनंती तुमच्याकडे आहे.’

‘सोमवारी? काही गंभीर नाही ना?’

‘नाही सर. वैयक्तिक काम आहे, तारीख पुढे गेली. माझ्या हातात नव्हतं.’

दोन क्षण काहीच आवाज नाही. मग, ‘बरं. संध्याकाळी बघतो.’

विचारलं त्याला उत्तर दिलं, खोटं एक अक्षर बोलले नाही आणि जास्तही बोलले नाही. फोन ठेवल्यावर आपण किती घाबरलो होतो ते जाणवलं आणि थोडा अभिमानही वाटला. संध्याकाळी ६.४० ला पिवळी पट्टी हिरवी झाली. त्याच मिनिटाला नवा अर्ज टाकला, सात वाजेपर्यंत तोही मंजूर. बॅग आवरताना मी चक्क रडले.

तेव्हा माझं ऐका: परगावची मुलाखत असेल तर सुरुवातीलाच दोन दिवस मागा आणि खात्यावर आणखी एक दिवस राहील असं बघा. मुलाखतीच्या तारखा सरकतात. आणि मंजुरी अडली तर मेलवर मेल पाठवत बसू नका, पहिल्याच दिवशी फोन करा. मी बुधवारीच केला असता तर दोन रात्री झोप लागली असती. तिकीटही तारीख बदलता येईल असंच काढा. माझं तसं नव्हतं, पैसे गेले.

मुलाखतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रविवारी रात्री निघाले, सकाळी पोचले, तोंड धुऊन कपडे बदलले. चांगली माणसं होती, नेमकं विचारलं, मला नेमकं सांगता आलं. रात्री परत. मंगळवारी वेळेवर जागेवर हजर, रोजच्याच कपड्यांत. मुलाखतीचे कपडे ऑफिसात घालून जाऊ नका. एरवी साध्या पेहरावातलं माणूस एकदम इस्त्रीचं दिसलं की सगळ्यांना तेच सुचतं.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय. बायोडेटा ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नका. आमच्या प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर फाइलचं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसायचं, आणि ज्या फाइलवर आपलं नाव आणि ‘बायोडेटा’ लिहिलंय ती तिथे अडकून राहिली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. कंपनीचा लॅपटॉप, मेल, वाय-फाय, यांतलं काही या कामाला वापरू नका. तिथल्या हालचाली कंपनीला तपासता येतात. लिंक्डइनवर ‘नोकरीच्या शोधात’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. स्वतःच्या कंपनीच्या भरती करणाऱ्यांपासून ती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, म्हणून मी ती लावलीच नाही. प्रवासात स्टेटसला फोटो नको. ऑफिसातल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीलाही मी सांगितलं नव्हतं. तिला नंतर वाईट वाटलं, ते मला अजून खटकतं, पण तिला सांगितलं असतं तर खोटं बोलायचं ओझं तिच्यावर पडलं असतं.

प्रवासखर्च देणार का, हे तिकीट काढण्याआधी मेलवर विचारून घ्या आणि पावत्या जपून ठेवा. त्यांच्या खर्चाच्या फॉर्ममध्ये ब्राउझरने ईमेलच्या रकान्यात आपोआप माझा ऑफिसचाच पत्ता भरला होता. पाठवायचं बटण दाबता दाबता दिसला. त्याच फॉर्मच्या शेवटी ‘सध्याच्या कंपनीकडे चौकशी करावी का?’ असा प्रश्न होता, तिथे मी लिहिलं, ‘लेखी ऑफर मिळून मी राजीनामा दिल्यानंतरच.’ त्यांनी ते पाळलं. ऑफर १६ दिवसांनी आली.