युरोप्लग का निसटतो? उत्तर क्लिपच्या दिशेत

सापडलं! युरोप्लग, म्हणजे युरोपातला दोन बारीक गोल पिनांचा चपटा प्लग, आपल्याकडच्या एका सॉकेटात घट्ट बसतो आणि दुसऱ्यातून वायरच्या नुसत्या ओझ्याने लोंबायला लागतो, या एका कोड्यापायी देशोदेशीचे प्लग-सॉकेट मांडायच्या आपल्या जागतिक फळ्याचं घोडं अडलं होतं. दोन्ही सॉकेट्स 6 अँपिअरची, दोन्ही नवी कोरी, दोन्ही नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एकाच दुकानातली.

मागच्या वेळी आपण पिनच्या जाडीपर्यंत आलो होतो. टाइप डीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या 6 अँपिअरच्या गोल पिनांच्या प्लगची, पिन 5.08 मि.मी., युरोप्लगची 4. आपल्या सॉकेटातली क्लिप, म्हणजे पिन पकडणारी धातूची पाती, जाड पिनेसाठी घडवलेली, म्हणून बारीक पिन सैल बसणार, हे सरळ आहे. शूकोच्या, म्हणजे जर्मन पद्धतीच्या सॉकेटच्या, क्लिपला युरोप्लगची 4 आणि शूको प्लगची 4.8 या दोनच जाड्या सांभाळायच्या असतात, त्यामुळे तिथे दोन्ही प्लग नीट बसतात. पण नुसती जाडी कारण असती तर माझी दोन्ही सॉकेट्स सारखीच सैल असायला हवी होती. तशी ती नव्हती.

मग मागची झाकणं काढून दोन्ही शेजारी ठेवली आणि टॉर्च मारला. पहिल्यात प्रत्येक क्लिपची दोन पाती डावी-उजवीकडे, म्हणजे एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. दुसऱ्यात तीच पाती वर-खाली. पिन वर-खाली पात्यांच्या मधून पोकळीत गेल्यासारखी जाते.

आता युरोप्लग हातात घ्या आणि पिनांकडे वरून बघा. त्या समांतर नसतात. बुडाशी त्यांच्यात 18.6 मि.मी. अंतर, टोकाशी 17.5. पिना आतल्या बाजूला झुकलेल्या आणि बूड किंचित लवचीक, त्यामुळे सॉकेटात गेल्यावर त्या फाकतात आणि त्या ताणानेच प्लग धरून राहतो. आपल्या सॉकेटात दोन पिनांमधलं अंतर 19.05. म्हणजे पिनेचं टोक क्लिपच्या मध्यापासून साधारण 0.78 मि.मी. आत येतं. त्यात पिनेची त्रिज्या 2 मिळवा, झाले 2.78. क्लिप पार सैल होऊन 5.08 पर्यंत उघडी राहिली तरी आतलं पातं मध्यापासून 2.54 वरच असतं. पिन त्याला जवळपास पाव मिलिमीटर रेटतेच! पाती वर-खाली असतील तर हा झुकाव फुकट जातो आणि 4 ची पिन 5.08 च्या फटीत खुळखुळते.

गणित जुळलं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. नेहमीप्रमाणे मेनला हात न लावता 12 व्होल्टच्या बॅटरीवर, गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडून. पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट, युरोप्लगच्या 2.5 च्या मर्यादेत. डाव्या-उजव्या पात्यांच्या सॉकेटात ड्रॉप, म्हणजे पिन आणि क्लिपच्या सांध्यावर वाया जाणारा व्होल्टेज, 8 मिलिव्होल्ट, वायर हलवली तरी आकडा जागचा हलत नाही. दुसऱ्यात वायरला बोट लावलं की मीटर 60 वरून 300 वर उडी मारतो आणि बल्ब मिचकायला लागतो. तो स्थिर आकडा बघताना फार समाधान वाटलं.

आणखी एक गोष्ट हाती लागली. युरोप्लगची पिन 19 मि.मी. लांब, पण बुडाकडचा 10 मि.मी. भाग प्लॅस्टिकच्या आवरणात असतो, अर्धवट निघालेल्या प्लगला बोट लागू नये म्हणून. उघडा धातू फक्त पुढच्या 9 मि.मी. ला. भंगारातून आणलेल्या एका जुन्या सॉकेटात क्लिप पुढच्या पट्टीला इतकी खेटून होती की तिने आवरणच पकडलं. प्लग बसला आणि बल्ब लागलाच नाही.

झुकलेल्या पिनांचा हा फायदा शूको प्लगला लागू नाही. त्याच्या पिना ताठ आणि समांतर. शिवाय त्याची अर्थिंगची जोडणी बाजूच्या पट्ट्यांवर असते, आपल्या सॉकेटात ती जोडलीच जात नाही. म्हणून इस्त्री, हीटर असल्या वस्तू थेट कोंबू नयेत, अर्थिंग पुढे नेणाराच अडॅप्टर घ्यावा. फुटपाथवर मिळणारे 'सगळ्या देशांचे' अडॅप्टर मला फळ्यावर नमुना म्हणूनसुद्धा नकोत.

फळ्यावरचा कट-सेक्शन, म्हणजे आतलं दिसावं म्हणून कापलेला सॉकेटचा नमुना, आता दोन्ही दिशांच्या क्लिपांसह करतोय. भांडी बाजारातला पितळी पत्रा वापरून पाहिला. दिसायला देखणा, पण नरम. थोड्या वेळा पिन घातली की पातं मिटायचं विसरतं. सातपूरच्या एका प्रेसवाल्याने फॉस्फर ब्रॉन्झची उरलेली पट्टी दिली, ती जीव लावून परत मिटते. क्लिपसाठी दुसरं काही घेऊच नका.

यानंतर टाइप जीच्या, म्हणजे ब्रिटनच्या तीन चौकोनी पिनांच्या, प्लगमधला 13 अँपिअरचा फ्यूज उघडून दाखवायचा होता. पण हे लिहिता लिहिताच आपलं 6/16 चं, म्हणजे 6 आणि 16 अँपिअरचे दोन्ही प्लग घेणारं, एकत्र सॉकेट आठवलं. तिथे एकाच क्लिपला 7.06 आणि 5.08 दोन्ही पिना धरायच्या असतात, फरक दोन मिलिमीटरचा! गीझरचा प्लग वर्षभर राहिलेल्या सॉकेटात मिक्सरचा प्लग किती धरला जातो, ते मिलिव्होल्टमध्ये मोजायलाच हवं. टाइप जी थांबेल. कोणाकडे भिंतीतून काढलेली जुनी 6/16 सॉकेट्स असतील तर झाकण उघडून पात्यांची दिशा बघा आणि कळवा, खालीवर असो की डावीउजवीकडे, मला दोन्ही हवीत.